नंबर गाडीचा की सोबतीचा

माझ्या बँकेचं अॅप दर दोन-चार महिन्यांनी कात टाकतं. काल डावीकडे असलेलं बटण आज उजवीकडे गेलेलं असतं, परवापर्यंत समोर दिसणारी गोष्ट तीन पडद्यांच्या आड जाऊन बसलेली असते, आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘आता वापरायला आणखी सोपं!’ मला जुनं नीट वापरता येत होतं, हाच बहुधा त्याचा दोष असावा. माझं हे चिडणं नवऱ्याला फार विनोदी वाटतं. तो म्हणतो, “सुतारानंच खुर्चीला शिव्या घालाव्यात तसं झालं तुझं.”

सुतार मी आहेच. जन्मभर प्रोग्रॅम लिहिले. शेवटची बरीच वर्षं पुण्यात गेली, पण पहिले प्रोग्रॅम लिहिले ते परभणीत, आणि आता निवृत्त होऊन पुन्हा परभणीतच बसले आहे. पुण्यात मी काय काय केलं हे सांगून तुमची दिवाळी खराब करणार नाही. तिथे चहाच्या मशीनपासून सुट्टीच्या अर्जापर्यंत सगळं इंग्रजीत होतं, त्यामुळे आठवणीही कोरड्याच राहिल्या. मला सांगायचं आहे ते परभणीचं, त्यातही सेलूचं.

प्रोग्रॅम म्हणजे काय, हे मला अजूनही लग्नाकार्यात विचारतात. ‘असं झालं तर असं कर’ अशा वाक्यांची लांबलचक माळ, बस. बाहेरगावी जाताना आपण घरात कुणाला तरी सूचना देऊन जातो ना, दूध आलं तर तापव, कुणी आलं तर बसव, तसंच. फरक एवढाच की घरातलं माणूस न सांगितलेलंही थोडंफार समजून करतं. यंत्र करत नाही. घरात मांजर असलं तरी यंत्र तापवलेलं दूध मांजरापुढे ठेवून मोकळं होईल, कारण मांजराचं तुम्ही सांगितलं नव्हतं.

माझं शिक्षण संपलं तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पाटी मात्र जुनीच होती. माझ्या पदवीवर जुनं नाव आहे, धाकट्या बहिणीच्या पदवीवर नवं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आमचं घर बौद्ध, त्यामुळे त्या पाटीचा विषय आमच्याकडे रोज ताटावर वाढलेला असायचा. बाहेर कुणी नाव विचारलं की मी ‘प्रज्ञा’ सांगे. मग पुढचा प्रश्न ठरलेला, “पुढं?” माणसाला माझ्या पुढचं इतकं कुतूहल का, हे मला न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मला पहिली नोकरी देणारे कादरीसर मात्र तसं विचारणारे नव्हते. त्यांनी मुलाखतीत एवढंच विचारलं, “टायपिंग येतं? मराठी का इंग्रजी?” दोन्ही येतं म्हटल्यावर ते म्हणाले, “सोमवारपास्नं ये बेटा.”

कादरीसरांचं आधी टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटर दुरुस्त करता करता त्यांनी हैदराबादहून एक संगणक आणला, त्याच्यावर पांढरं कापड पांघरलं आणि पाटीवर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द वाढवला. हिरव्या अक्षरांचा काळा पडदा, करवतीसारखा आवाज करणारा प्रिंटर आणि एक विजेचा स्टॅबिलायझर, जो संगणकापेक्षा जास्त जागा खायचा. आमच्याकडे गिऱ्हाईकं येत ती यंत्र बघायला. बघून झालं की म्हणत, “हे करतंय काय?” तिथून माझं काम सुरू होई.

एक आडत्या आला. पोती मोजायचा प्रोग्रॅम हवा होता. मी केला, त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, सकाळी उघडल्या उघडल्या शून्य दावतंय हे. शून्याचं तोंड बघून दिवस काढू का?” आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मी पहिलं पोतं येईपर्यंत आकडाच दिसू नये अशी सोय केली. पाच ओळींचं काम, पण तो इतका खूष झाला की पेढे घेऊन आला. एका मुख्याध्यापकांचा राग वेगळाच. निकाल भरताना काही चुकलं की यंत्र ‘एरर’ म्हणून पिपाणी वाजवायचं, तेही शिक्षकांदेखत. सर उठून माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मला आजवर माझ्या वडिलांनीही चारचौघांत चुकलास म्हटलेलं नाही.” मी पिपाणी काढली आणि ‘पुन्हा एकदा पाहावे’ असं रोमन लिपीत लिहिलं. देवनागरी आमच्या यंत्राला येत नव्हती. सर म्हणाले, “हं, आता कसं माणसासारखं बोललं.”

अशातच मुंबईच्या एका कंपनीचं चकचकीत पत्रक आलं. त्यात ‘युजर-फ्रेंडली’ हा शब्द ओळीओळीला होता. सरांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, “वापरणाऱ्याशी मैत्री करणारं.” सर हसले. “बेटा, दोस्ती नक्को. दोस्त येळी-अवेळी येतो, खांद्यावर हात टाकतो. यंत्रानं अच्छा पडोसी बनून राहिलं तो बी बस.” आज माझा फोन सकाळी सातला ‘तुमची आठवण येतेय’ असा संदेश पाठवतो तेव्हा मला सरांची फार आठवण येते. शेजाऱ्यानं आपल्या घरात राहावं, हाक मारली तर ओ द्यावी, एवढं ज्या सॉफ्टवेअरला कळलं ते चांगलं, असं माझं मत आहे आणि ते आता बदलण्याची शक्यता नाही.

सेलूचं काम आलं ते कापसाच्या हंगामात. एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारात कापूस खरेदीचं केंद्र होतं. शेतकरी बैलगाड्या भरून कापूस आणत, ग्रेडर कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवी, मग गाडी काट्यावर जाई आणि तिथून कापूस गंजीवर रिता होई. गाड्यांची रांग फाटकातून निघून पार रस्त्याला लागलेली असे. त्या रांगेत घुसाघुशी, भांडणं, कधी काठ्याही. मोठ्या गावच्या दहा-दहा गाड्या एकदम येत आणि फाटक अडवून बसत. केंद्राचे प्रमुख जोशीसाहेब, उंच, सदा घाम पुसणारे, यांना कुणीतरी सांगितलं होतं की संगणक रांग लावतो. ते कादरीसरांकडे आले. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेबांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, फाटकावर प्रत्येक गाडीला छापील नंबर मिळावा. दुसरी, कुठल्याही गावाची मक्तेदारी होऊ नये. मी विचार केला आणि माझ्या मते फार देखणा नियम काढला. यंत्र प्रत्येक गावची एक-एक गाडी आळीपाळीनं बोलावील. वालूरची एक, मग दुसऱ्या गावची एक, मग तिसऱ्या, मग पुन्हा वालूरची. दहा गाड्यांचं गाव असो की एका गाडीची वस्ती, सगळे सारखे. नंबर पुकारल्यावर तीन हाकांत गाडी काट्यावर आली नाही तर ती शेवटी. आणि एकदा नोंदलेला क्रम कुणालाच बदलता येणार नाही, साहेबांनाही नाही. साहेबांनी डोळे मिचकावत विचारलं, “आमदारांची गाडी आली तरी?” मी म्हटलं, “तरी.” उभ्या शेतकऱ्यांनी ते ऐकलं आणि दोघा-तिघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी एसटीनं परभणीला येताना मी खिडकीत बसून स्वतःशी हसत होते, हे कबूल करते.

जिनिंगमध्ये संगणक ठेवणं म्हणजे पिठाच्या गिरणीत काळी साडी नेसून बसणं. हवेत सगळीकडे कापसाचे बारीक तंतू. ते कीबोर्डात जात, फ्लॉपीच्या फटीत जात, चहात जात. मी काचेच्या केबिनच्या फटींना ओली फडकी लावली होती आणि दर तासाला ब्रशनं यंत्र झाडत होते. फाटकावर शेषराव नावाचा पहारेकरी भोंग्यावरून नंबर पुकारी. त्याचा आवाज इतका खणखणीत की भोंगा नसता तरी चाललं असतं.

सुरुवातीचे दिवस झोकात गेले. मग आवार तुंबायला लागलं. माझा पडदा म्हणे, आत फक्त काट्यावरच्या दोन गाड्या आहेत. काचेतून बाहेर पाहावं तर गाड्याच गाड्या. जागोजाग बैल सोडलेले, कडबा टाकलेला, माणसं गाडीखाली आडवी झालेली. काट्याकडे जायला वाट उरली नव्हती. आणि नीट पाहिलं तर त्यातल्या बहुतेक गाड्या रिकाम्या होत्या! कापूस मोजून झाला होता, पावती खिशात होती, आणि तरी कुणी घरी जायला तयार नव्हतं. मला काही उमगेना. मी प्रोग्रॅम दोनदा तपासला. त्यात चूक नव्हती.

त्यातच एके सकाळी साहेबांनी भोंग्यावरून सांगितलं की गंज्या लावायला जागा उरली नाही, उद्यापासून खरेदी काही दिवस बंद. आज दिवस मावळेपर्यंत ज्यांच्या गाड्या काट्यावर येतील त्यांचा कापूस घेतला जाईल, बाकीच्यांनी भरल्या गाड्या परत न्याव्यात. आवारात एकदम गलका झाला.

त्या गलक्यातून एक बाई काचेच्या केबिनपाशी आली. पन्नाशीची असेल. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, नुकतीच एसटीतून उतरलेली. तिनं काचेवर बांगड्या आपटल्या.

“तूच का ती मशीनवाली?”

“हो. काय झालं?”

“मपली गाडी वालूरच्या पाच गाड्यांत आली. चार जणांचा कापूस मोजून झाला. मपलीच कामून राहिली? मशीनला बाईमानसाचं वावडं हाय का काय?”

तिचं नाव सरूबाई. नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. मी तिचा नंबर पडद्यावर काढला. परवा तीनदा पुकारला होता, गाडी आली नव्हती. काल पुन्हा तीनदा, पुन्हा नाही. यंत्रानं तिला दोन्ही वेळा शेवटी टाकलं होतं आणि आता तिच्यापुढे इतक्या गाड्या होत्या की आज नंबर लागणं शक्यच नव्हतं. मी तसं सांगितलं. “गाडीवान कुठे होता तुमचा?”

“गाडीवान? मपल्या गाडीला गाडीवान कुठला, माय!”

मागून एक पागोटेवाले गृहस्थ पुढे झाले. ते मुंजाभाऊ, वालूरच्या गाड्यांतली पहिली गाडी त्यांची. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते ऐकताना माझे कान गरम होत गेले. गाड्या गावातून निघतात त्या सोबतीनं. रात्री निघून उजाडता सेलू गाठायचं, तर वाटेत एकट्यानं कोण जाणार? ज्याच्या घरी गाडी हाकायला माणूस नाही त्याचीही गाडी सोबतीत घेतात. तिच्या बैलांचा कासरा पुढच्या गाडीला मागून बांधतात, बैल आपोआप पाठीमागे चालतात. इथे आल्यावर एक जण सगळ्यांचे बैल बघतो, एक जण पाणी आणतो, भाकरी एकाच गाठोड्यात येते. आणि जाताना सगळे मिळून जातात. शेवटची गाडी रिती झाल्याशिवाय पहिली गाडी हलत नाही.

“पह्यलं कसं, पाची गाड्या एकामागं एक काट्यावर जायच्या,” मुंजाभाऊ म्हणाले. “आता मशीन एक सकाळी बलावतंय, एक दुपारी, एक उद्याच्याला. हिचा नंबर पुकारला तवा मी काट्यावर, दत्ता पाण्याला गेलेला. बैल दुसऱ्यानं जुंपूस्तर तीन हाका झाल्या. कालबी तसंच झालं.”

“मग तुमचा झाला होता तर तुम्ही जायचं होतं की,” मी म्हटलं. बोलले आणि लगेच जीभ चावली.

मुंजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “हिला इथं टाकून?”

माझा नियम आळीपाळीचा होता, सगळ्यांना समान होता आणि प्रत्येक सोबत फोडत होता. ज्यांची सोबत फुटली ते लोक रिकाम्या गाड्या घेऊन आवारात अडकून पडले होते. यंत्राला गाडी माहीत होती, गाव माहीत होतं. सोबत माहीत नव्हती, कारण ती मी सांगितलीच नव्हती. दुधाचं आणि मांजराचं मी वर लिहिलं ते उगीच नाही.

साहेब आत आले. घाम पुसत हळूच म्हणाले, “प्रज्ञाताई, या बाईचा नंबर गुपचूप वर घ्या आणि मिटवा.”

इथे प्रोग्रॅमर लोकांचं एक गुपित सांगते. ‘हे कुणालाच बदलता येत नाही’ असं आम्ही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘माझ्याशिवाय’ असा असतो. तो नंबर वर घ्यायला मला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. पण काचेबाहेर माणसांची भिंत उभी होती आणि सगळ्यांचे डोळे माझ्या बोटांवर होते. सगळ्यांत पुढे एक उंच, किडकिडीत माणूस. त्यानं ओरडून सांगितलं, “बाईमानूस म्हनून नंबर मोडला तर याद राखा! पुढचा नंबर मपला हाय. मी एकलाच आलोय, मला कोनी वशिला न्हाई.” हा गंगाराम. वालूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा, वस्तीची एकुलती एक गाडी त्याची. तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. आळीपाळीच्या नियमानं खरंच पुढचा नंबर त्याचा होता.

सरूबाई त्याच्यावर उलटली, “तुझं काय घेतलं रे मी?” तोही उलटला. शेषराव मधे पडला. मला त्या क्षणी परभणीची एसटी पकडून निघून जावंसं वाटलं, इतकी लाज आणि इतका राग आला होता. राग कुणाचा, ते ठरवत बसायला वेळ नव्हता.

मी साहेबांना म्हटलं, “गुपचूप काही करणार नाही. पण तासभर काटा थांबवा, मला नियमच बदलायचा आहे. तोही सगळ्यांना सांगून.”

“तासभर? आज? शेवटच्या दिवशी?” साहेबांचा रुमाल पार भिजला होता. “आणि नाही जमलं तर?”

“तर यंत्र उचलून नेते. पुन्हा येणार नाही.”

त्यांनी बाहेरच्या तुंबलेल्या आवाराकडे पाहिलं. काटा तसाही थांबलेलाच होता. त्यांनी मान हलवली.

मी भोंग्यापाशी गेले. आयुष्यात भोंग्यावर बोलले ती तेवढीच एक वेळ. सांगितलं की माझ्या प्रोग्रॅमचा नियम चुकला आहे, आता नंबर गाडीला नाही, सोबतीला मिळेल. ज्या सोबतीच्या काही गाड्या झाल्या आणि काही राहिल्या, त्या आधी पूर्ण होतील. म्हणजे रिकाम्या गाड्या निघून जातील आणि वाट मोकळी होईल. बाकीच्या सोबती ज्या क्रमानं फाटकात आल्या त्या क्रमानं. कोण कुणाबरोबर आलं हे एकेकानं येऊन भोंग्यावर सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ती शेवटची अट मी का घातली ते लगेच कळलं. पहिलाच पठ्ठ्या आला आणि म्हणाला, “मी वालूरच्या सोबतीचा.” आवारातून वीस आवाज आले, “कवापासून रे?” तो हसत परत गेला. त्यानंतर लबाडी करायला कुणी आलं नाही. माझ्या आधीच्या प्रोग्रॅमला कुलूप होतं, तरी त्यावर पहारा ठेवावा लागत होता. या नव्याला कुलूप नव्हतं, पहाऱ्याला सगळं आवार होतं. आज मोठमोठ्या कंपन्या यंत्र कसं ठरवतं ते सांगत नाहीत, सांगितलं तर लोक फसवतील म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. यंत्र पक्षपात करत नाही हेही तितकंच खोटं. नियम लिहिणारा आधीच पक्षपात करून बसलेला असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. मला कुठे ठाऊक होतं?

नोंदीत ‘सोबत’ नावाचा एक नवा रकाना वाढवला, क्रम लावायची ओळ बदलली, तीन हाकांचा नियम सोबतीतल्या कुठल्याही माणसानं ‘ओ’ दिली तरी चालेल असा केला. बाहेर शेषराव, आत मी. तो ओरडे, “बोरीची सोबत, तीन गाड्या,” की मी लिही. मधेच फ्लॉपीत कापूस अडकला, तो केसातल्या आकड्यानं काढला. हे शास्त्र कुठल्याही पुस्तकात नाही. तासाभराला थोडा वेळ जास्तच लागला, पण कुणी कुरकुर केली नाही. गडी आपापले बैल जुंपत होते.

काटा सुरू झाला. राहिलेल्या गाड्या भराभर निघाल्या आणि त्यांच्यामागे रिकाम्या गाड्यांच्या माळा फाटकातून बाहेर पडायला लागल्या. कडबा झाडला गेला, वाट दिसायला लागली. सरूबाईची गाडी काट्यावर आली तेव्हा मुंजाभाऊ बैलांच्या पुढे आणि ती मागे, जणू गाडी ढकलतेच आहे. ग्रेडरनं आधीच चांगली प्रत दिली होती. ती पदरानं तोंड पुसत माझ्या काचेपाशी आली आणि गाठोड्यातून एक भाकरी काढून आत सरकवली. “खा. सकाळपास्नं काई खाल्लं न्हाईस वाटतं, तोंड वाळलंय.” भाकरीवर ठेचा होता. इतका तिखट की मला रडायला आयतं कारण मिळालं. त्या घडीला मी जगातली सगळ्यांत सुखी प्रोग्रॅमर होते आणि ते उगीच लपवणार नाही.

मग काचेवर टकटक झाली. गंगाराम.

आता त्याचा आवाज चढलेला नव्हता. “मॅडम, मघाशी पुढचा नंबर मपला व्हता. आता कितवा हाय?”

मी पडदा पाहिला. त्याच्यापुढे मोठमोठ्या सोबती होत्या, एकेकीत आठ-दहा गाड्या. तो आला होता त्यांच्यानंतर. आळीपाळीत त्याचा फायदा होता, सोबतीत नव्हता. सूर्य जिनिंगच्या पत्र्यांवर टेकलेला.

“आज नाही होणार,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“मंजे कसं, ज्याला सोबत हाय त्याचं झालं. मपली सोबत कोन?” तो म्हणाला. भांडायला नाही, खरंच विचारत होता. “मी कोनासंगं नाव लिहू?”

सकाळचा नियम बाईला शेवटी टाकत होता, दुपारचा नियम या माणसाला. प्रोग्रॅमरच्या जन्माला हे कायमचं लागलेलं आहे. जो नियम लिहावा त्याच्या बाहेर कुणीतरी उभं असतंच, आणि बहुतेक वेळा ते काचेपर्यंत येत नाही, म्हणून आपल्याला झोप लागते. हा आला होता.

वालूरच्या पाची गाड्या जुंपून तयार होत्या. जायचं सोडून सरूबाई गाडीतून खाली उतरली आणि तरातरा आली.

“काय म्हनायलाय हा?”

मी सांगितलं.

“मग लिहा की त्याला आमच्यात.”

मुंजाभाऊ मागून म्हणाले, “सरू, सोबत मंजी जे मिळून आले ते, असं समद्यांदेखत ठरलंय.”

“येताना न्हवता, जाताना हाय की! वस्ती वाटंवरच हाय त्याची. रातच्याला भरली गाडी घिऊन एकला जाईल का तो, का आपल्यासंगं येईल? मग झाली का न्हाई सोबत?” आणि ती माझ्याकडे वळली. “लिही माय. लय बोलतंय ते, पर एवढी वाट काढायची मंजे बोलायला कोनतरी लागतंच.”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आवाराकडे पाहिलं. शेषरावनं हे सगळं भोंग्यावरून जसंच्या तसं सांगून टाकलं होतं, त्याला बोलणं आणि पुकारणं यांतला फरक माहीत नव्हता. पुढच्या मोठ्या सोबतीतल्या एकानं हात वर करून म्हटलं, “एका गाडीनं काय व्हतंय, जाऊ द्या.” दुसरा कुणीतरी काहीतरी पुटपुटत आपल्या बैलांकडे वळला. गंगाराम खाली बघत उभा होता. पायानं कापसाचं एक बोंड उगीच इकडून तिकडे ढकलत होता.

मी वालूरच्या नोंदीत त्याचं नाव घातलं. यंत्रानं काही विचारलं नाही. ‘खात्री आहे का?’ असं विचारायची फॅशन तेव्हा आलेली नव्हती.

शेषरावनं पुकारलं, “वालूरची सोबत! सहावी गाडी!”

कुणी हललं नाही.

“वालूरची सोबत, सहावी गाडी!” त्यानं दुसरी हाक दिली. गंगाराम सगळ्यांबरोबर मान वळवून फाटकाकडे बघत होता, ही कुणाची गाडी पुकारतायत म्हणून. तिसरी हाक व्हायच्या आत सरूबाईनंच ‘ओ’ दिली आणि त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, “आरं तूच की! चल, हान बैल.”